औषध म्हणायचं की अंगारा?

मागच्या फेब्रुवारीत गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात, जेवणाच्या टेबलावर आमच्या नानांनी विचारलं, "सध्या काय चाललंय तुझं?" मी सांगितलं, कुड्याच्या सालीची गोळी करतोय, आव-हगवणीसाठी. मुलांचा प्रकल्प आहे, दुसरं वर्ष चालू आहे. नानांनी जिलेबीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "अगं, साल कुटायची आणि मशिनीत दाबायची. त्याला दोन वर्षं? आमची आजी चुलीपुढे बसून दिवेलागणीपर्यंत डबाभर गोळ्या वळायची. तिला कुणी पगारही देत नव्हतं." टेबलावर हशा पिकला. मीही हसले. लग्नघरात वाद घालू नये एवढं वळण आहे मला. पण ते बोलणं काही पचलं नाही.

नाना एकटे असते तर सोडून दिलं असतं. पण नाशकात औषधनिर्माणशास्त्र शिकवताना हेच मत मी रिक्षात ऐकलंय, सोसायटीच्या बैठकीत ऐकलंय आणि एकदा तर तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांच्या तोंडूनही ऐकलंय. ते मत साधारण असं: वनस्पती आपली, ज्ञान आपलं, हजारो वर्षांचं. त्याला आता तपासणी कसली? निसर्गातलं आहे, म्हणजे अपाय नाही. लागू पडलं तर उत्तम, नाही पडलं तर बिघडलं काय? गोळी करणं म्हणजे साहेबाची नक्कल. यंत्रात घातलं की सत्त्व मेलं, खरं औषध म्हणजे काढा. आणि तुम्ही पांढरे कोट घालून जे सिद्ध करताय ते आजीला ठाऊकच होतं.

ऐकायला किती गोड! फक्त यातली विधानं एकमेकांशेजारी नांदत नाहीत. आव थांबवण्याइतकी ताकद ज्या सालीत आहे, ती साल चुकीच्या पोटात, चुकीच्या मात्रेत गेली तर काहीच करणार नाही, हे कसं? काहीच करत नसेल तर ती औषध कशी? एकाच दमात रामबाण आणि निरुपद्रवी अशी दोन्ही प्रमाणपत्रं एकाच झाडाला कशी देता?

आधी आजीचं बघू, कारण प्रत्येक वेळी तिलाच पुढे केलं जातं. नानांची आजी पेठ तालुक्यातली. म्हणजे कुडा तिच्या परसातलाच. फुलांची भाजी ती करत असणार, पावसाच्या तोंडाला पांढऱ्या फुलांनी लगडलेलं झाड ती लांबून ओळखत असणार. साल कुठल्या झाडाची, कोवळ्या फांदीची की जून खोडाची, हे तिला कुणी सांगायला लागत नव्हतं. आणि ती गोळी कुणाला देत होती? घरातल्या नातवाला, गल्लीतल्या सुनेला. जीभ बघून, पोट दाबून, काल काय खाल्लंस ते विचारून. दुसऱ्या दिवशी तोच नातू तिच्यासमोर असायचा. मात्रा जास्त झाली, तर ती कमी करायला ती तिथंच होती. ही सगळी तपासणीच आहे हो, नाना! तिचे कागद नव्हते इतकंच. आज तुम्ही आजीला वगळलंत, झाड वगळलंत, पेशंटची जीभ वगळलीत आणि उरलेली पुडी रविवार कारंजावरून घेऊन पुण्याच्या भाच्याला कुरिअर करताय. तिची परंपरा चालवल्याचा आव कशाला?

बरं, हजारो वर्षं लोक घेत आले, या साक्षीत एक अडचण आहे. जे बरे झाले त्यांनीच साक्ष दिली. हगवणीने गेलेली पोरं साक्ष द्यायला आली नाहीत, आणि त्या काळी ती घरटी जायची.

आता खुद्द कुडा. नानांचं 'साल कुटायची' हे वाक्य पहिल्या शब्दापाशीच अडतं. कुठली साल? आपल्याकडे कुडा म्हटलं की निदान दोन झाडं उभी राहतात. एक पांढरा कुडा, म्हणजे आयुर्वेदातला कुटज, शास्त्रीय नाव होलॅऱ्हिना. दुसरा काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया. दोघांनाही पांढरा चीक, पांढरी फुलं, जोडीने लोंबणाऱ्या लांबट शेंगा. बियांनाही बाजारात एकच नाव, इंद्रजव. फार तर एक कडू आणि एक गोड. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोकं बराच काळ एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. पण बाजारात येते ती साल. तिला ना शेंग, ना फूल, ना पान. वाळलेल्या तपकिरी खपल्या, पोत्यात भरलेल्या. काळा कुडा वाईट झाड नाही. त्याच्या पानांतून निळा रंग निघतो, त्याच्या लाकडाची चन्नपट्टणची खेळणी होतात. फक्त पांढऱ्या कुड्याचं काम ते करत नाही.

ही गफलत आजची नाही. १८५८ साली हेन्स नावाच्या माणसाने आपल्या मुंबईतच कुड्याच्या सालीतून कडू अल्कलॉइड वेगळं काढलं. पुढे त्याला राइटीन हेही नाव मिळालं, कारण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतसुद्धा तेव्हा हे झाड राइटियाच्या प्रजातीत टाकलेलं होतं. पुढे कोनेसिन हे नाव रूढ झालं. म्हणजे नावापासूनच घोळ. त्याआधी युरोपात 'कोनेसी' नावाने ही साल वापरात होती आणि मग तिचं नाव खराब झालं. दुसऱ्याच झाडाची साल तिच्या नावावर खपते, ही तक्रार एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत आहे. गेल्या शतकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रांनी कुड्यावर पुन्हा काम केलं. 'कुर्ची बिस्मथ आयोडाइड' नावाचं औषध अमीबाच्या आवेवर डॉक्टर मंडळी देत होती. चोप्रांनी काय केलं? साल मोजली, अल्कलॉइड मोजलं, पेशंट मोजले. त्यांनाही कुणीतरी लग्नात विचारलंच असेल, कुटायचं आणि द्यायचं, त्यात एवढं काय म्हणून.

आमच्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात एक काम सांगते: बाजारातून साल आणायची आणि चावून बघायची. मागच्या वर्षी चार मुलं चार दुकानांतून चार पुड्या घेऊन आली. सगळ्यांवर एकच नाव. पहिली पुडी चावल्यावर मुलांनी तोंडं अशी केली की बेसिनकडे पळापळ झाली. दुसरी तशीच. तिसरी चावून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ही तर लाकूड चघळल्यासारखी लागतेय." चौथीत दोन्ही होतं. मग अर्क काढून, पातळ थराच्या प्लेटवर ठिपके देऊन, ड्रॅगनडॉर्फ अभिकर्मक फवारला. पहिल्या दोन ठिपक्यांच्या वाटेवर नारिंगी पट्टे उठले, पिकल्या संत्र्याच्या सालीसारखे. चौथ्याच्या वाटेवर फिकट. तिसऱ्याची वाट कोरी. चार दुकानदारांपैकी कुणीही लबाड नव्हता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांना व्यापाऱ्याने कुडा म्हणून दिलं, व्यापाऱ्याला हरसूल-सुरगाण्याकडच्या कुणीतरी कुडा म्हणून दिलं. फक्त पोटात गेलं ते लाकूड.

तिसऱ्या पुडीने निदान काही केलं नसतं, असं नाना म्हणतील. म्हणू देत. पण अदलाबदल नेहमी अशी निरुपद्रवी असते का? १९९०च्या सुमाराला ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवायला बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. त्यात स्टेफॅनियाच्या जागी, चिनी नाव जवळपास सारखं म्हणून, ॲरिस्टोलोकियाचं मूळ पडलं. शेकडाभर बायकांची मूत्रपिंडं गेली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दोन्ही मुळं शंभर टक्के नैसर्गिक होती. आपल्याकडे कोरोनाच्या काळात घराघरांत गुळवेल उकळली जात होती. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी अशा ६ रुग्णांची यकृतं बिघडल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं की ती गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. यात बरोबर कोण हे मी इथे ठरवत नाही. पण मंत्रालयाचं उत्तर नीट वाचा. निसर्गातलं म्हणजे निर्धोक म्हणणाऱ्यांच्या बाजूने ते बोलतंय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात बोलतंय माझ्या बाजूने. वेल कोणती हा प्रश्न यकृत सुजल्यावर विचारायचा की पान तोडण्याआधी?

आता गोळीकडे वळू. साहेबाची नक्कल हा आरोप अर्धा खरा आहे, तेवढा मी देऊन टाकते. साच्यात भुकटी दाबून गोळी करण्याचं पेटंट १८४३ साली विल्यम ब्रॉकेडन या इंग्रज चित्रकाराने घेतलं. त्याचं मूळ दुखणं पेन्सिलीचं होतं. ग्रॅफाइटची भुकटी दाबून चांगली पेन्सिल करता येईल का, या खटाटोपात औषधाची गोळी जन्माला आली. पण वटी, गुटिका, मोदक? शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडात वटकांवर एक अख्खा अध्याय आहे. कुटजघन वटी यादवजी त्रिकमजी आचार्यांच्या 'सिद्धयोगसंग्रहा'त आहे: साल उकळून काढा, काढा आटवून घन, त्यात अतिविष, मग वटी. सत्त्व मारण्याचं हे काम आपल्या वैद्यांनी साहेबाची वाट न बघता केलेलं आहे. का केलं? काढा दुसऱ्या दिवशी आंबतो म्हणून. दर वेळी वेगळा होतो म्हणून. आणि कुड्याचा काढा पोराच्या तोंडात घालून बघा, अर्धा तुमच्या शर्टावर येतो म्हणून.

मग येतो स्टार्चचा मुद्दा. "गोळीत तुम्ही स्टार्च घालता, सेल्युलोज घालता, कसली कसली पावडर घालता. ही भेसळच की!" शार्ङ्गधराने काय सांगितलंय? वटीत साखर घालायची तर चूर्णाच्या चौपट, गूळ घालायचा तर दुप्पट, गुग्गुळ किंवा मध चूर्णाइतका. म्हणजे तीन भाग वटीत दोन भाग गूळ. आम्ही त्या मानाने कंजूष आहोत. गूळ घातला की परंपरा आणि मक्याचा स्टार्च घातला की भेसळ, हा हिशेब मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही. त्यातून नाशकात कितीतरी घरांत मधुमेही माणूस असताना.

आणि 'मशिनीत दाबायची'! नाना, एकदा जुलैत या. कुड्याचा घन म्हणजे काळपट काकवी. वाळवून भुकटी केली तरी हवेतलं पाणी ओढून घेते. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेच्या बशीत सकाळी ठेवलेली भुकटी दुपारी जेवून येईपर्यंत डांबर झालेली असते. ही भुकटी हॉपरमधून घसरत नाही, त्यामुळे एक गोळी ४०० मिलिग्रॅमची, तर पुढची ३४०ची. पंचाला चिकटते, गोळीच्या तोंडावर खड्डे पडतात. कमी दाबलं तर डबीतल्या डबीत चुरा. आमच्याकडे एक लहान पिंप आहे, मिनिटाला २५ फेरे घेणारं. त्यात १०० फेरे झाल्यावर गोळ्यांचं वजन एक टक्क्यापेक्षा जास्त घटता कामा नये. पहिल्या खेपेला आमच्या निम्म्या गोळ्यांची टोपी उडाली, अक्षरशः बाटलीचं बूच उडावं तशी. म्हणून मुलांनी दाब वाढवला. पिंपातून गोळ्या अगदी ठणठणीत बाहेर आल्या. सगळे खूश.

मग त्याच गोळ्या पाण्यात घातल्या. सहा नळ्यांची एक टोपली असते, ३७ अंशांच्या पाण्यात मिनिटाला साधारण ३० वेळा खाली-वर होते. पोटाची ढोबळ नक्कल. साध्या गोळीने १५ मिनिटांत फुटायला हवं. आमच्या गोळ्या पाऊण तास त्या पाण्यात पोहत होत्या, गारगोटीसारख्या. त्याच दिवशी एका मुलाने एका जत्रेतून आणलेल्या, हातवळणीच्या, 'पोटाच्या सर्व विकारांवर' अशी चिठ्ठी लावलेल्या गोळ्या टोपलीत सोडल्या. तास झाला, सहापैकी चार जशाच्या तशा. ज्याने त्या घेतल्या असतील त्याच्या पोटात त्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून निघाल्या असतील, वाटेत कुणाची ओळखही न होता. आणि तो माणूस वर सांगत असेल, वनस्पतीचं औषध आहे, हळूहळू गुण येतो.

दोन वर्षं गेली ती यात. भुकटी कोरडी कशी ठेवायची, कण कसे बांधायचे, किती दाबायचं, फुटायला मदत कुणाची घ्यायची, आणि हे सगळं झाल्यावर पहिल्या आणि शेवटच्या गोळीत कडू द्रव्य तेवढंच आहे का.

आता माझ्या बाजूच्या लोकांचे कान. कारण आमच्यावर टीका करायला खरी जागा आहे आणि नानांना ती सापडलेलीच नाही. देशभर दरवर्षी औषधनिर्माणाची मुलं अशा गोळ्या करतात. कडकपणा मोजला, ठिसूळपणा मोजला, फुटण्याचा वेळ मोजला, की शेवटच्या पानावर लिहून मोकळी होतात: गोळी पोटाच्या विकारांवर परिणामकारक ठरेल. कशावरून? गोळी वेळेत फुटते यावरून? खडूही वेळेत फुटेल. झाडाची ओळख कुणी पटवली, नमुना कुठे जपून ठेवला, मुख्य द्रव्य किती, सहा महिन्यांनी किती उरलं, माणसात काही केलं का, यातलं अर्धं कोरं असतं. आमच्या गोळीनेही आवेचा एकही रुग्ण बरा केलेला नाही. आम्ही एवढंच दाखवलंय की ती कुड्याचीच आहे, सारखी आहे आणि पोटात सुटेल. पुढचं काम वैद्य-डॉक्टरांनी रुग्णांवर नीट चाचणी करून करायचं. तोवर मी तिला औषध म्हणणार नाही.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. १९४० च्या औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ग्रंथांची यादी आहे. त्यातल्या कृतीप्रमाणे केलेल्या औषधाला नव्याने रुग्णचाचणी मागितली जात नाही. ग्रंथात आहे ना, मग चालेल. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. त्यानंतर आपल्या सरकारने २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची केली. कशासाठी? निर्यातीच्या मालासाठी, आधी. साहेबाचं पोट नाजूक, पेठ-सुरगाण्याचं दगडाचं, असा अर्थ मी काढला तर माझं चुकलं का?

आणि 'लागू नाही पडलं तर बिघडलं काय', याला तर माझ्याकडे सौम्य उत्तरच नाही. हगवणीत पोर मरतं ते शरीरातलं पाणी संपून. १९७१ च्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर माणसं जगवून दाखवली. त्या पाण्याआधी ना कुड्याची गोळी, ना मेट्रोनिडाझोल. रविवारी मिसळ हाणून पोट गुरगुरलं म्हणून ओव्याचा अर्क घेणारे आपण वेगळे. दीड वर्षाच्या पोराला सकाळपासून दहा जुलाब झालेत आणि घरातले काढा लागू पडायची वाट बघत बसलेत, तिथे 'बिघडलं काय' हे वाक्य उच्चारून दाखवा.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती मात्र या मंडळींच्या अभिमानाची. नानांना रक्तदाब आहे. त्यांच्या गोळ्यांची पट्टी ते चष्मा लावून वाचतात: तारीख, कंपनी, मिलिग्रॅम. मागे एकदा दुकानदाराने ५ ऐवजी १० मिलिग्रॅमची दिली, तर भर बाजारात त्याला सोलून काढला. तेच नाना वर्तमानपत्रात बांधलेली, नाव नसलेली, तारीख नसलेली, कुठल्या झाडाची ते ठाऊक नसलेली भुकटी चमचाभर तोंडात टाकतात आणि वर पाणी पितात. मग सांगा, मनातून औषध ते कशाला मानतात? ज्याचे मिलिग्रॅम मोजतात त्याला, की ज्याला हात जोडतात त्याला? अंगाऱ्याची मात्रा कुणी विचारत नाही, कारण अंगाऱ्याने काही होईल अशी खात्री कुणालाच नसते. कुड्याला तुम्ही अंगाऱ्याच्या रांगेत बसवलंय आणि त्याला परंपरेचा मान म्हणताय. चरकाने सूत्रस्थानात कुटजाची साल आपल्या कामात अग्रगण्य म्हणून नोंदवली. 'सगळ्यावर चालते' असं त्याने लिहिलं नाही. कफ, पित्त, रक्त आवरण्याचं एक नेमकं काम दिलं. त्याच्या नेमकेपणाला जागायचं, तर आज गोळीतल्या कोनेसिनचा आकडा सांगावा लागेल. तो मागणारा आयुर्वेदाचा वैरी, आणि चिठ्ठीवर 'सर्व विकार' लिहिणारा भक्त?

या गुरुवारी नवी साल येणार आहे, त्र्यंबककडून, झाडाचा पान-फुलांसकट नमुना सोबत घेऊन. नाना, तुमच्या घरची पुडीही आणा. दोन्ही आधी तुम्हीच चावून बघा. मग प्लेट चढवू, आणि नारिंगी पट्टा तुमच्या वाटेवर उठला नाही, तर पुढच्या लग्नात जिलेबी मोडण्याआधी तेवढं टेबलावर सांगा.